मॉरिशसला जा, पण धावपळ करू नका

सहलीहून परतलेल्या एखाद्या गृहिणीला विचारून पाहा, "कशी झाली सहल?" ती हसून म्हणेल, "छान झाली हो, पण आता चार दिवस नुसती झोपून काढणार आहे." या उत्तरात थट्टा असली तरी खोटे काही नसते. आठ दिवसांत अकरा ठिकाणे, पहाटे पाचला चहा, सहाला बस, दुपारी देऊळ, संध्याकाळी बाजार आणि रात्री मुलांचे ओले कपडे खोलीतल्या खुर्च्यांवर वाळत घालणे. सासूबाईंचा उपवास, यजमानांच्या गोळ्या, धाकट्याची सर्दी हे सारे बरोबर असतेच. घरी आल्यावर मोबाइलमध्ये सातशे फोटो निघतात. विश्रांती कोणाच्या वाट्याला आली, ते मात्र शोधावे लागते.

ज्यांना खरोखरच विसावा हवा आहे, त्यांनी एकदा हिंदी महासागराचा नकाशा उघडावा. मादागास्करच्या पूर्वेला, सुमारे आठशे किलोमीटरवर एक ठिपका दिसेल. तो मॉरिशस. आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जंगल आणि सिंह उभे राहतात. हा आफ्रिकी देश मात्र उसाच्या शेतांचा, पांढऱ्या वाळूचा आणि संथ निळ्या पाण्याचा आहे. फक्त एक अट आहे. तिथे जाऊन धावपळ करायची नाही.

मुंबईचे आरशातले प्रतिबिंब

मुख्य बेट उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम सुमारे ४५ किलोमीटर रुंद आहे. म्हणजे कोणत्याही गावी मुक्काम केला, तरी दुसऱ्या टोकाला जाऊन संध्याकाळी परत येता येते. रोज सामान बांधून हॉटेल बदलण्याची गरज नाही. विसाव्याच्या सहलीसाठी यासारखी सोय नाही. एकदा बॅग उघडली की ती निघायच्या दिवशीच बंद करायची.

मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तासांत तिथे पोहोचता येते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे झोपेचे तंत्र फारसे बिघडत नाही. भारतीय पर्यटकांना विमानतळावरच विनाशुल्क व्हिसा मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि पुरेसे पैसे असल्याची खात्री एवढे मात्र बरोबर हवे. चलनाचे नावही रुपयाच. नोटेवर इंग्रजीबरोबर हिंदी आणि तमिळही छापलेले असते. वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. लोक आपसात क्रेओल बोलतात, फ्रेंच सर्रास चालते, इंग्रजी बहुतेकांना समजते आणि हिंदी चित्रपटांमुळे हिंदीही अनेकांच्या कानावरची आहे.

आता हवामानाचे पाहू. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. जणू आरशातले प्रतिबिंबच. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही लाही होत असते, तेव्हा तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. हिवाळा म्हणजे कडाक्याची थंडी नव्हे. किनाऱ्यावर दुपारी साधारण चोवीस-पंचवीस अंश तापमान आणि कोरडी, प्रसन्न हवा. मे ते ऑक्टोबर हा असा काळ असतो. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा असतो. हवा दमट, पाऊस जास्त, आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळाची शक्यता अधिक. सुदैवाने आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या, दोन्ही सुट्ट्या या बेटाच्या चांगल्या दिवसांत पडतात.

आधी दिशा निवडा

बेट लहान असले, तरी त्याच्या चारी बाजू सारख्या नाहीत. हॉटेल ठरवण्यापूर्वी दिशा ठरवावी. फोटोतला तरणतलाव नंतर पाहावा.

उत्तरेला ग्रां बे हे गजबजलेले ठिकाण आहे. दुकाने, उपाहारगृहे, होड्या, रात्रीची वर्दळ. तरुण मंडळींना ते आवडेल. त्याच्याच जवळच्या त्रू-ओ-बिश आणि माँ श्वाझी या किनाऱ्यांवर पाणी उथळ आणि संथ असते. लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर ही जागा उत्तम.

पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक आहे. लांबलचक किनारा आणि समोर समुद्रात बुडणारा सूर्य. ही बाजू वाऱ्याच्या आडोशाला असल्याने हिवाळ्यातही उबदार राहते. पूर्वेला बेल मारचा किनारा विलक्षण सुंदर आणि शांत आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून येणारे वारे इथे जोरात वाहतात. त्या दिवसांत वृद्ध माणसांनी पश्चिम किंवा उत्तर किनारा निवडावा. नैर्ऋत्येला ल मोर्न हा ५५६ मीटर उंचीचा एकाकी डोंगर थेट समुद्राकाठी उभा आहे. ज्यांना बाजारही नको आणि माणसांची गर्दीही नको, त्यांच्यासाठी ती बाजू.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक असतो. मोठ्या हॉटेलसमोरच्या वाळूतही कोणी फिरू शकते. म्हणून राहायला साधे अतिथिगृह घेतले, तरी समुद्र तोच मिळतो.

समुद्राला घातलेले कुंपण

कोकणातला समुद्र पाहिलेल्या माणसाला इथला समुद्र प्रथम खोटाच वाटतो. लाटांचा आवाज दुरून येतो आणि पायाशी मात्र तळ्यासारखे पाणी असते. याचे कारण प्रवाळ. प्रवाळ म्हणजे समुद्रातले अगदी लहान जीव. त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचे थर हजारो वर्षे साचत गेले आणि बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे एक भिंत तयार झाली. महासागराच्या लाटा त्या भिंतीवर फुटतात. किनाऱ्यावरून ती जागा पांढऱ्या रेघेसारखी दिसते. रेघेच्या अलीकडचे शांत पाणी म्हणजे लगून. पायाखालची पांढरी वाळूही याच प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. या पाण्याचे तापमान हिवाळ्यात साधारण २२ आणि उन्हाळ्यात २७ अंशांच्या आसपास असते.

पण समुद्र तो समुद्रच. नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे गोड्या पाण्यामुळे आणि गाळामुळे प्रवाळ वाढत नाही. भिंतीला खिंडार पडते. अशा ठिकाणी पाण्याला ओढ असते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे तर भिंतच तुटलेली आहे आणि लाटा सरळ कड्यावर आदळतात. ते दृश्य पाहावे, तिथे पोहायला उतरू नये. इतर ठिकाणीही तरंगत्या खुणांनी आखून दिलेल्या भागातच पोहावे. पाण्यात उतरताना पायात रबरी बूट असावेत, कारण तळाशी काटेरी समुद्री साळ आणि क्वचित विषारी दगडमासा असतो. ऊन कोवळे वाटले तरी फसवे असते. दुपारी अकरा ते तीन सावलीत बसावे, मुलांच्या अंगात सुती सदरा ठेवावा.

सात दिवसांत दोनच फेऱ्या

प्रवासी कंपन्यांच्या पत्रकात सात दिवसांचा कार्यक्रम असा ठासून भरलेला असतो की श्वास घ्यायला जागा नसते. त्याऐवजी एक साधा नियम करावा. सात दिवसांत बाहेरच्या फेऱ्या फक्त दोन. उरलेले पाच दिवस किनारा, झोप, वाचन, गप्पा आणि पत्त्यांचा डाव.

पहिली फेरी उत्तरेची. सकाळी पाम्प्लेमूसचे वनस्पती उद्यान पाहावे. तिथल्या तळ्यातील कमळांची पाने काठ वळलेल्या परातीसारखी प्रचंड असतात. तालिपोट नावाचा ताड आयुष्यात एकदाच, अनेक दशकांनी फुलतो आणि मग वठतो. दुपारी राजधानी पोर्ट लुईसच्या मध्यवर्ती बाजारात चक्कर मारावी.

दुसरी फेरी दक्षिणेची. गंगा तलाव हे डोंगरातले सरोवर. महाशिवरात्रीला हजारो भाविक पायी चालत इथे येतात. काठावर शंकराची १०८ फूट उंच मूर्ती आहे. तिथून शामारेलची सात रंगांची माती आणि धबधबा पाहून परतीच्या वाटेवर ल मोर्नचा डोंगर. टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी आणि भाडे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

बाकीच्या पाच दिवसांत "आज काय पाहायचे?" हा प्रश्न कोणी विचारू नये. पहिला एक दिवस अवघड जातो. हात शिवशिवतात, वेळ फुकट चालला असे वाटते, इतके पैसे खर्चून नुसते बसायचे का, असा विचार मनात येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी जुनी आठवण काढते. तिसऱ्या दिवशी मुले मोबाइल विसरून वाळूत खड्डा खणत बसतात. विश्रांती अशी उशिरा येते. तिला बोलावून चालत नाही, तिच्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते.

चूल बरोबर नेऊ नका

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. मॉरिशसमध्ये स्वयंपाकघरासह घर भाड्याने मिळते. चार-सहा माणसांच्या कुटुंबाला ते हॉटेलपेक्षा स्वस्त पडते. हिशेब मांडताना घरची मंडळी खूश होतात. पण त्या हिशेबात एक खर्च धरलेला नसतो. सकाळी सगळे पाण्यात असताना कांदा कोण चिरणार? समुद्रावरून आल्यावर भूक भूक करणाऱ्या मुलांसमोर पोळ्या कोण लाटणार? घरातली बाई जर मुंबईचा ओटा सोडून मॉरिशसच्या ओट्यापाशी उभी राहणार असेल, तर तिला सुट्टी मिळाली असे कसे म्हणता येईल?

यावर उपाय आहेत. हॉटेलात राहायचे असेल, तर नाश्ता आणि रात्रीचे जेवण भाड्यातच असलेली व्यवस्था घ्यावी. घर भाड्याने घ्यायचे असेल, तर स्वयंपाकाला बाई मिळेल का, हे मालकाला आधीच विचारावे. तेही परवडत नसेल, तर पाळ्या लावाव्यात. एक दिवस बाबांचा, एक दिवस मुलांचा, आणि पाळी चुकवणाऱ्याने भांडी घासायची. पण ही बोलणी विमानात बसण्यापूर्वी व्हावीत. तिथे गेल्यावर "तूच कर, तुला पटकन जमते" हे वाक्य ठरलेले असते.

शाकाहारी मंडळींनी उपासमारीची धास्ती घेऊ नये. देशातील जवळपास निम्मे लोक हिंदू आहेत आणि शाकाहार म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रस्त्यावर मिळणारी 'धाल पुरी' तर मराठी माणसाने खाल्लीच पाहिजे. उकडून वाटलेल्या डाळीचे हळद-जिरे घातलेले पुरण भरून लाटलेली मऊ पोळी. आपल्या पुरणपोळीची ही जणू तिखटमिठाची बहीण. तिच्यात घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि हिरवी चटणी घालून ती कागदात गुंडाळून देतात. चटणीला तिथे 'सातिनी' म्हणतात. 'गातो पिमां' म्हणजे थेट आपला डाळवडा. आणि 'आलूदा' प्यायल्यावर फालुद्याची आठवण न झाली तरच नवल. अननस लहान आणि अतिशय गोड असतो. सोलून, दांडीसकट, मीठ-मिरची लावून हातात देतात. मुलांना तो पुन्हा पुन्हा हवा असतो.

रविवारी सुरूच्या बनात

विसावा कसा घ्यावा हे शिकायचे असेल, तर एखाद्या रविवारी हॉटेलातून उठून सार्वजनिक किनाऱ्यावर जाऊन बसावे. किनाऱ्याला लागून सुरूची बने आहेत. क्रेओलमध्ये या झाडाला 'फिलाओ' म्हणतात. आपल्या कोकणकिनाऱ्यावरचीच ही सावली आणि वाऱ्याचा तोच सुस्कारा.

सकाळपासूनच तिथे कुटुंबे उतरू लागतात. आजोबांची खुर्ची, मोठे पातेले, चटया, थंड पाण्याचे खोके. पातेल्यात बहुधा बिर्याणी असते आणि ती घरूनच शिजवून आणलेली असते. एकदा चटई पसरली की कोणी कुठे जात नाही. मुले पाण्यात, पुरुष सावलीत, बायका पाय पसरून गप्पांत. दुपार कलली की कोणीतरी 'रावान' काढतो. बकऱ्याचे कातडे लावलेला हा मोठा डफ. शेकोटीवर तो तापवतात आणि मग सेगा सुरू होतो. पाय जमिनीवरून न उचलता, वाळूत घासत, कमरेने ताल धरायचा हा नाच. बेटावरच्या गुलामांनी तो जन्माला घातला. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

पाहणाऱ्याला वाटते, यांना निवांत बसण्याची कला उपजतच असावी. तसे मुळीच नाही. या माणसांच्या पणज्या-पणजोबांना निवांत बसणे हा गुन्हा होता. ती गोष्ट पाहण्यासाठी पोर्ट लुईसच्या बंदराजवळ एक तास काढावा लागतो. पहिल्या फेरीतच तो बसवता येतो.

सोळा पायऱ्या

मॉरिशसवर आधी डच आले, मग फ्रेंच, आणि १८१० मध्ये इंग्रज. ऊस पिकवायला गुलाम होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना नवे हात हवे होते. ते भारतातून आणण्याची तजवीज आधीच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईसला उतरले. तिथून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय स्त्री-पुरुष या बंदरात आले. ज्या जागी ते उतरत, तिला कुली घाट म्हणत. आज तिचे नाव आप्रवासी घाट आहे. २००६ पासून ते युनेस्कोचे जागतिक वारसास्थळ आहे. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या चढून मजूर वर येत. त्या पायऱ्या अजून आहेत.

यात मराठी माणसेही होती. मुंबई बंदरातून जहाजे सुटत आणि त्यांत प्रामुख्याने कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक असत. पाच वर्षांचा करार आणि पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी, शिवाय शिधा. पण खरा काच वेगळाच होता. मजूर एक दिवस कामावर गैरहजर राहिला, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. याला 'डबल कट' म्हणत. अंगात ताप असो की घरात मूल आजारी असो, अंग टाकणे परवडणारे नव्हते. विश्रांतीची किंमत दामदुपटीने मोजावी लागे.

त्या माणसांनी मजुरी गमावली, पण आपले देव आणि गाणी गमावली नाहीत. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावात विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर आहे. या बेटावर १८९६ पासून गणपती बसतो, असे सांगतात. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. मराठी मंडळींच्या संस्थांचा महासंघ १९६० पासून काम करतो. शाळांतून मराठी शिकवले जाते. घरात मात्र आता बहुतेक क्रेओल बोलतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. आपला पूर्वज कोणत्या जहाजाने आणि कोणत्या गावाहून आला, हे शोधायला आजही लोक तिथे जातात.

आणि आता सुट्ट्यांची यादी पाहा. गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची सुट्टी. २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची सुट्टी. ज्यांना एक दिवस बसून राहिल्याबद्दल दोन दिवसांची मजुरी सोडावी लागत होती, त्यांच्या नावाने आज सारा देश काम थांबवतो. सुरूच्या बनातला तो रविवार त्या लोकांना असा मिळालेला आहे.

बेटालाही विसावा द्या

पाहुण्यांच्या सुखासाठी बेटाला काय सोसावे लागते, याचाही विचार हवा. समुद्र तापू लागल्याने प्रवाळ पांढरा पडून मरतो आहे. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याजवळ प्रवाळाच्या भिंतीवर आदळले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल लगूनमध्ये सांडले. तेव्हा हजारो नागरिक आपण होऊन किनाऱ्यावर जमले. उसाचा पाचोळा कापडात भरून त्यांनी लांबलचक वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला त्या पाण्यात सोडल्या. ज्या उसासाठी पूर्वजांनी घाम गाळला होता, त्याचा पाला असा कामी आला.

पर्यटकाने यातून एवढेच घ्यावे: प्रवाळावर उभे राहू नये, तो तोडू नये, शिंपले आठवण म्हणून बॅगेत भरू नयेत. दुकानात मिळाले तरी विकत घेऊ नयेत.

निघण्यापूर्वी

• ताजी फळे, भाज्या, बियाणे, रोपे परवानगीशिवाय नेता येत नाहीत. आंबे घरीच खावेत.
• नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या गोळ्यांसारख्या काही औषधांबाबत नियम कडक आहेत, तेव्हा आधी चौकशी करावी.
• क्युरपिपसारख्या उंचावरच्या गावी किनाऱ्यापेक्षा गारवा आणि पाऊस जास्त असतो. हलका स्वेटर आणि छत्री ठेवावी.
• उन्हाळ्यात गेल्यास वादळाच्या इशाऱ्यांकडे लक्ष ठेवावे. ते चार टप्प्यांनी दिले जातात.
• रोजच्या वापराची चार पुस्तके न्यावीत. दागिने नेऊ नयेत.

शेवटी पुन्हा त्या गृहिणीकडे येऊ. उसाच्या मळ्यातल्या हालांशी कोणत्याही घरातल्या कामाची बरोबरी होऊ शकत नाही. पण 'डबल कट'चा अर्थ तिला लगेच कळेल. एक दिवस तिने स्वयंपाकघर बंद ठेवले, की दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची भांडी आणि दोन दिवसांचे कपडे तिचीच वाट पाहत असतात. म्हणून घरच्यांनी मॉरिशसची तिकिटे काढताना आणखी एक गोष्ट ठरवावी. परतल्यावर बॅगा कोण उघडणार, वाळूने भरलेले कपडे कोण धुणार आणि पहिल्या दिवसाचा स्वयंपाक कोण करणार?

हे नीट ठरले, तर "कशी झाली सहल?" या प्रश्नावर तिला झोपेची सबब सांगावी लागणार नाही. "काय काय पाहिले?" असे शेजारणीने विचारलेच, तर ती खुशाल म्हणू शकेल, "फारसे काही नाही गं. आम्ही बसलो होतो."